संत जोसेफ वाझ ह्यांची डोंगरफेरी

आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत धर्मगुरूंनी चार शब्द लिहावेत, असा मंडळाचा आग्रह पडला, आणि काय लिहावे ह्या विचारात आमचे काही दिवस गेले. मंदिराचा पाया कसा घातला गेला, घंटा कोणी अर्पण केली, कोणत्या पावसाळ्यात छप्पर उडाले आणि ते पुन्हा कसे उभे राहिले, हा सर्व वृत्तांत आमच्या वडीलधाऱ्या बांधवांनी मोठ्या परिश्रमाने जुळवून ह्याच पुस्तकात दिला आहे. त्याची पुनरुक्ती करण्यात अर्थ नाही. परंतु आपले धर्मग्राम मंदिराच्या आवाराशी संपत नाही. पूर्वेकडील डोंगरउतारावर आपले पाडे आहेत. महोत्सवाच्या दिवशी तेथील माणसे पहाटे उठून, नदी ओलांडून, दोन कोस चालून येतील आणि नेहमीप्रमाणे सर्वांत मागल्या बाकांवर बसतील. त्यांच्याकडे पाहून आम्हांस एका धर्मगुरूची आठवण होते. परक्या देशातील डोंगर त्यांनी अनवाणी पायांनी तुडविले, आणि ज्यांच्या दारी कोणी जात नव्हते त्यांच्या दारी ते गेले. त्यांचीच कथा ह्या प्रसंगी सांगावी असे आम्ही योजिले आहे.

हे धर्मगुरू म्हणजे संत जोसेफ वाझ. गोमंतकातील साष्टी प्रांतात बाणावली ह्या गावी, आजोळी, २१ एप्रिल १६५१ रोजी त्यांचा जन्म झाला; त्यांच्या वडिलांचे घर सांकवाळ येथील. मातृभाषा कोंकणी, पोर्तुगीज व लॅटिन ह्या भाषा ते शाळेत शिकले. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी युरोपातून आलेल्या बहुतेक धर्मसंघांची दारे एतद्देशीय तरुणांस बंद होती. आपल्या भूमीत जन्मलेल्या मुलाने धर्मगुरू व्हावे, परंतु संघात त्याला जागा नसावी, अशी ती चमत्कारिक अवस्था होती. वाझ ह्यांनी ह्याबद्दल कोणाशी वाद घातल्याचे ऐकिवात नाही. गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा परिपाठ त्यांनी ठेविला, सांकवाळ येथे लॅटिनची शाळा चालविली, आणि १६७७ साली आपण पवित्र मरियेचे दास आहोत असा लेख स्वहस्ते लिहून तिला अर्पण केला. १६८१ ते १६८४ ही वर्षे त्यांनी कानडा प्रांतातील विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा करण्यात घालविली. परत आल्यावर, १६८५ साली, जुन्या गोव्यातील चमत्कारी पवित्र क्रुसाच्या मंदिराजवळ एकत्र राहणाऱ्या काही एतद्देशीय धर्मगुरूंस ते जाऊन मिळाले. संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमांवर आधारलेला त्यांचा ओरेटरी संघ त्यातूनच आकारास आला.

ह्याच सुमारास त्यांच्या मनाने लंकेचा ध्यास घेतला. त्याचे कारण समजण्यास तेथील तत्कालीन स्थिती थोडी ध्यानी घ्यावयास हवी. डच लोकांनी पोर्तुगीजांपासून १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना घेतले. डच हे प्रॉटेस्टंट मताचे, आणि कॅथोलिक प्रजा म्हणजे पोर्तुगीजांचे हस्तक अशी त्यांची समजूत. त्यांनी कॅथोलिक मंदिरे आपल्या पंथाकडे घेतली, धर्मगुरूंस हद्दपार केले, आणि जो कोणी धर्मगुरूला घरात आश्रय देईल त्याला देहदंड होईल, असा जाहीरनामा १६५८ साली काढला. मुलांचा बाप्तिस्मा व विवाहाची नोंद त्यांच्याच उपदेशकाकडे व्हावी लागे. अशा रीतीने सुमारे तीस वर्षे लंकेतील कॅथोलिक कळप मेंढपाळाविना राहिला. आजे मेले, नातू जन्मले. परंतु आपल्या बापजाद्यांची मिस्सा कशी असते हे पाहिलेले डोळे दिवसेंदिवस मिटत चालले होते. गोव्यात ह्या गोष्टीची वार्ता येई, लोक हळहळत, आणि पुन्हा आपापल्या कामास लागत. वाझ हळहळून थांबले नाहीत.

१६८६ साली जुवांव नावाच्या एका निष्ठावंत सेवकास बरोबर घेऊन त्यांनी गोवा सोडले. मलबार किनाऱ्याने दक्षिणेस जाऊन ते तुतीकोरिनला पोहोचले. झगा उतरवून, अंगावर मजुराचे फाटके वस्त्र घेऊन, १६८७ साली ते समुद्र ओलांडून लंकेत उतरले. प्रवासात अन्नपाण्याची जी आबाळ झाली तिच्यामुळे त्यांस अतिसाराने ग्रासले, आणि जाफन्यात पाऊल ठेवताच हे परकीय भिकारी रस्त्याच्या कडेला मरणोन्मुख होऊन पडले. एका दयाळू बाईने पेज आणून त्यांस जगविले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वाचकहो, लंकेच्या ख्रिस्तसभेच्या पुनरुत्थानाचा आरंभ असा एका वाटी पेजेपासून झाला आहे. त्या बाईचे नाव आज कोणास ठाऊक नाही. परंतु ज्याने थंड पाण्याच्या पेल्याचेही प्रतिफल बुडणार नाही असे सांगितले, त्याला ते खचित ठाऊक असेल.

बरे वाटल्यावर वाझ ह्यांनी कॅथोलिक लोक शोधावे कसे? विचारावयाची सोय नव्हती. विचारलेला माणूस सरकारी हेर निघाल्यास सर्वांचाच घात. म्हणून त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. ज्या घरातील माणसांची नजर त्या माळेवर खिळून राही, त्या घराकडे ते पुन्हा जात. अशा एका घरातून दुसऱ्या घरी वार्ता पोहोचली. पुढे सिल्लालै ह्या गावी, जेथील लोक विशेष दृढ होते, त्यांनी मुक्काम केला, आणि रात्रीच्या अंधारात पापनिवेदन ऐकावे, पहाटेपूर्वी मिस्सा अर्पावी, दिवसा लपून रहावे, असा क्रम दोन वर्षांहून अधिक चालला. ही गोष्ट डच अंमलदारांच्या कानी गेल्यावाचून राहिली नाही. एका नाताळच्या रात्री जमलेल्या भाविकांवर धाड पडली, अनेकांस धरून नेले, काहींना फटके व बंदिवास सोसावा लागला. परंतु आपला धर्मगुरू कोठे आहे हे त्यांनी सांगितले नाही. १६९० साली वाझ पुत्तळमला गेले. पुत्तळम हे बंदर कँडीच्या राजाच्या ताब्यात असल्याने तेथे डचांचा हुकूम चालत नव्हता.

येथून पुढे डोंगरांचा प्रदेश लागतो. कँडी हे नावच मुळी डोंगरावरून पडले आहे. सिंहली भाषेत त्या राज्यास ‘कंद उड रट’, म्हणजे डोंगरावरचा देश, असे म्हणत. त्यातील ‘कंद’ ह्या शब्दाचे परकीयांच्या तोंडी कँडी झाले. लंकेचा किनारा सखल व नारळीचा. आत जावे तसतशी जमीन चढत जाते, आणि मध्यभागी महावेली नदीच्या वळणात राजधानी वसलेली आहे. पुत्तळमहून ती आज सडकेने सुमारे १३० किलोमीटर भरते. त्या काळी सडक नव्हती. रॉबर्ट नॉक्स नावाचा एक इंग्रज खलाशी १६६० पासून १६७९ पर्यंत ह्या राज्यात अडकून पडला होता; त्याने सुटून गेल्यावर १६८१ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ह्या वाटांचे वर्णन आहे. वाटा इतक्या अरुंद की माणसामागे माणूस चालावा. डोंगराच्या खिंडीत काटेरी झाडांची वर उचलण्याजोगी दारे आणि त्यांवर पहारे. परवान्याखेरीज आत वा बाहेर जाण्याची बंदी. पावसाळी रानात जळवांचा असा सुळसुळाट की लोक फडक्यात लिंबू व मीठ बांधून काठीच्या टोकास लावीत आणि चालता चालता पायांवर मारीत. नैर्ऋत्येकडून येणारा व ईशान्येकडून येणारा असे दोन्ही पाऊस त्या डोंगरांवर कोसळतात. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आम्हांस ह्या वर्णनाची कल्पना सहज येईल. मात्र आमच्या वाटांवर काट्यांची दारे व भालेकरी नाहीत.

१६९२ साली वाझ जुवांवसह कँडीकडे निघाले. त्यांची वार्ता त्यांच्या आधी दरबारी पोहोचली. राजाच्या पदरी असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने हा मनुष्य धर्मगुरू नसून पोर्तुगीजांचा हेर आहे असे राजास भरविले, आणि वाटेतच दोघांस पकडून बंदीत टाकण्यात आले. ज्यांच्यासाठी एवढे डोंगर चढून आले, ते लोक डोळ्यांसमोर आणि मध्ये पहारा! दुसरा कोणी असता तर खचला असता. वाझ ह्यांनी बंदिवासाचा उपयोग सिंहली भाषा शिकण्याकडे केला. जाफन्यात ते तमिळ शिकलेच होते. पहारेकरी पाहत होते की हा हेर कोणाशी कारस्थान करीत नाही, काही मागत नाही, प्रार्थना करतो आणि मिळेल त्यात समाधान मानतो. हळूहळू पहारा सैल झाला. आवारात एक झोपडी उभारून तीत वेदी मांडण्याची मोकळीक मिळाली, आणि राजधानीतील व आसपासच्या खेड्यांतील कॅथोलिक लोक, प्रथम भीत भीत व मग उघड, तेथे जमू लागले.

त्या वेळचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा एक निष्ठावंत बौद्ध होता. आपल्या राज्यातील भिक्षुसंघाची दीक्षापरंपरा खंडित झालेली पाहून ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने समुद्रापार आराकानातून भिक्षू आणविले. अशा राजाने एका कॅथोलिक धर्मगुरूस आश्रय द्यावा, ही त्याच्या उदारतेची साक्ष होय. परंपरा सांगते की, एकदा देशात मोठे अवर्षण पडले. राजाने सर्वांकरवी प्रार्थना करविल्या आणि अखेर वाझ ह्यांसही विनंती केली. त्यांनी चौकात वेदी उभारून तिच्यावर क्रूस ठेविला व गुडघे टेकून प्रार्थना आरंभिली, तोच आभाळ भरून येऊन मुसळधार पाऊस पडला. आणि वेदी व प्रार्थना करणारा दोन्ही कोरडी राहिली. ज्याची जशी श्रद्धा असेल तसा त्याने ह्या कथेचा अर्थ घ्यावा. इतिहासास एवढे निश्चित ठाऊक आहे की राजाने त्यांस मुक्त केले, राज्यात सर्वत्र फिरण्याची व धर्म सांगण्याची परवानगी दिली, आणि बंदिवान म्हणून आलेला तो पुरुष त्या डोंगरांत स्वेच्छेने आयुष्यभर राहिला.

येथून त्यांची डोंगरफेरी सुरू झाली. कोचीनच्या बिशपांनी त्यांस लंकेचे विकार जनरल नेमले. पण ह्या पदवीचा झगा, पालखी वा निशाणी ह्यांपैकी काही त्यांच्या अंगास लागले नाही. पाठीवर मिस्सेची सामग्री, हातात काठी आणि गळ्यात माळ, एवढाच त्यांचा सरंजाम. राजाच्या मुलखात ते उघड फिरत; परंतु तेथील काटेरी दार ओलांडून डचांच्या मुलखात उतरावयाचे झाले की पुन्हा मजुराचा वेष, पुन्हा रात्रीचा प्रवास. कोलंबो शहरातही ते डचांच्या डोळ्यांदेखत गुप्तपणे जाऊन तेथील लोकांना संस्कार देऊन आले. डोंगर आणि किनारा ह्यांच्यामध्ये अशी त्यांची ये-जा वर्षानुवर्षे चालली होती.

ज्या गावी अनेक वर्षांत धर्मगुरू आला नाही, त्या गावी तो आल्यावर काय घडते, हे ज्यांनी अनुभविले आहे त्यांसच कळेल. प्रथम लोक बोलत नाहीत; आलेल्या माणसाकडे पाहत राहतात. मग एखादी म्हातारी पुढे होऊन आशीर्वाद मागते, आणि त्यानंतर बांध फुटावा तसे सर्व एकदम बोलू लागतात. कोणाचे मूल बाप्तिस्म्याविना मोठे झालेले, कोणाचा संसार मंत्रावाचून सुरू झालेला, कोणी भीतीने नाव बदललेले, दोन भावांत जमिनीच्या वादाने अबोला धरलेला. ह्या सर्वांचा उलगडा एका मुक्कामात करावयाचा, कारण पुढचा मुक्काम केव्हा होईल हे एक परमेश्वर जाणे. मिस्सा ही त्या कामाचा कळस होय. परंतु कळस चढण्याआधी जोते भरावे लागते, आणि ते जोते म्हणजे घराघरांतील ते बोलणे, ते ऐकून घेणे, तो समेट. वाझ हे गोव्यात असतानाच उत्तम पापनिवेदन ऐकणारे म्हणून प्रसिद्ध होते. कान देण्याची ही देणगी डोंगरात त्यांच्या पायांइतकीच कामास आली.

मातले प्रांतातील वहाकोट्टे ह्या खेड्याचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. किनारा डचांच्या हाती गेल्यावर पोर्तुगीज सैनिकांची व त्यांच्या मिश्र वंशाची काही कुटुंबे डोंगरात येऊन राहिली, त्यांपैकी हे एक ठिकाण. चहूंकडे बौद्ध वस्ती, राजा बौद्ध, भाषा सिंहली. तरीही ह्या लोकांनी आपला धर्म टाकला नाही. वाझ व त्यांचे सोबती अशा वस्त्यांचा समाचार घेत. आज तेथे संत अंतोनी ह्यांचे प्रसिद्ध तीर्थस्थान आहे, आणि आजूबाजूच्या सर्व धर्मांचे लोक त्या ठिकाणी नवस बोलावयास येतात. त्या गावच्या अंगणात कोणी किती वेळा मुक्काम केला ह्याचा हिशोब कोणी ठेविला नाही. पण गाव आजही कॅथोलिक आहे, हाच तो हिशोब.

१६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा व सरदार राजधानी सोडून गेले, आणि रोग्यांस त्यांच्याच घरच्या माणसांनी भीतीने रानात नेऊन टाकावे असा प्रसंग ओढवला. त्याच सुमारास वाझ ह्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो गोव्याहून येऊन त्यांस मिळाले होते. ह्या दोघांनी झोपड्या बांधून रोगी गोळा केले, त्यांस अन्नपाणी व औषध दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, आणि जे मेले त्यांस स्वतः खड्डे खणून पुरले. रोगी कोणत्या धर्माचा हे त्यांनी पाहिले नाही. कँडीच्या लोकांनी पर्जन्याची कथा कौतुकाने सांगितली असेल. पण आमच्या अल्प मतीस असे वाटते की, त्यांचे हृदय जिंकले ते ह्या झोपड्यांनी.

कार्य वाढू लागले तसे गोव्याच्या ओरेटरीतून आणखी धर्मगुरू येत गेले. १७०५ साली आलेले दिवाडी बेटावरील फादर जाकोमे गोन्साल्विस ह्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके उत्तम ग्रंथ रचिले की, सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. वाझ ह्यांनी लंकेचे आठ विभाग पाडून प्रत्येक विभागात एक धर्मगुरू नेमिला. तरी हिशोब पाहता एकेका धर्मगुरूच्या वाट्यास अनेक गावे येत. वर्षातून एक-दोन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. मग मधल्या दिवसांचे काय? त्यासाठी गावोगाव सामान्य भाविकांपैकीच विश्वासू माणसे नेमलेली असत. त्यांस ‘मुप्पू’ व ‘अण्णावी’ अशी नावे होती. मुप्पूने गावची वडीलकी करावी, भांडणे मिटवावीत, मंदिराची मालमत्ता सांभाळावी; अण्णावीने रविवारी लोकांस जमवून प्रार्थना म्हणावी, मुलांस ‘आमच्या बापा’ व ‘नमो मरिये’ शिकवावे, मरणोन्मुखाच्या उशाशी बसावे, आणि अडीअडचणीस अर्भकास बाप्तिस्मा द्यावा. ही माणसे शेतकरी होती, कोळी होती. त्यांस वेतन नव्हते. धर्मगुरू वर्षातून चार दिवस येई. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस ख्रिस्तसभा ह्यांच्या खांद्यावर उभी असे.

१७१० साली वाझ ह्यांची प्रकृती अगदी ढासळली. देवी, ताप, उपास आणि डोंगरवाटा ह्यांनी देह झिजून गेला होता. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. जन्मभर ज्याची हयगय केली ते मरणाच्या घटकेस सहज साधत नाही, असा बोध त्यांनी अखेरीस आपल्या सोबत्यांस केल्याचे सांगतात. त्यांच्या मृत्युसमयी लंकेत सुमारे ७०,००० कॅथोलिक, १५ मंदिरे व ४०० प्रार्थनास्थाने होती, असा आकडा त्यांच्या चरित्रांत दिलेला आढळतो. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्यास परतले नाहीत. बाणावलीची वाळू व सांकवाळचे घर त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

पुढे काळ पालटला. १७४० नंतरच्या दशकात कँडीच्या दरबाराची मर्जी फिरली, धर्मगुरूंस हद्दपारी घडली, मंदिरे पाडली गेली, आणि त्या धामधुमीत संतांचे थडगेही नाहीसे झाले. ते नेमके कोठे होते हे आज दाखविता येत नाही. परंतु कळप टिकला. किनाऱ्यावर डचांचा अंमल १७९६ साली संपला, १८०६ साली इंग्रज सरकारने कॅथोलिकांवरील निर्बंध उठविले, तेव्हा लपून बसलेली गावेच्या गावे आपापली जपमाळ घेऊन उजेडात आली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कोलंबो येथे वाझ ह्यांस धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात समुद्रकिनारी लाखो लोकांसमक्ष पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांस संतपद दिले. ज्याच्या थडग्याचा दगडही राहिला नाही, त्याचे स्मारक म्हणून एक सबंध देशाची ख्रिस्तसभा उभी आहे.

ह्या इतिहासाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या उत्तर कोंकणातही असाच प्रसंग येऊन गेला आहे. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, आणि तिच्याबरोबर युरोपियन मिशनरीही गेले. मागे राहिलेल्या आमच्या पूर्वजांची काळजी एतद्देशीय धर्मगुरूंनी वाहिली. आणि जेथे ते पोहोचू शकत नव्हते तेथे घराघरांतील आजीबाईंनी सायंकाळी दिवा लावून माळ म्हणविली. आज आपण महोत्सव करतो तो त्या दिव्यामुळे. राजसत्तेच्या बळावर आलेला धर्म राजसत्तेबरोबर जातो, असे शहाणे लोक म्हणत होते. लंकेत व वसईत तसे घडले नाही, कारण तो कोणीतरी चालत जाऊन पोहोचविलेला होता, आणि कोणीतरी घरी सांभाळलेला होता.

आता एक गोष्ट आम्हांस स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. सात-आठ वर्षांपूर्वी, श्रावणात, वरच्या पाड्यावरील एक वृद्ध आजारी असल्याचा निरोप घेऊन त्यांचा नातू संध्याकाळी आमच्याकडे आला. नदीला पूर होता, रात्र पडत होती, दुसऱ्या दिवशी सणाची मिस्सा होती. “उद्या दुपारी येतो,” असे आम्ही त्यास सांगितले. मुलगा काही बोलला नाही. पाय धुऊन, डोक्यावर पोते घेऊन, आल्या वाटेने परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर पोहोचलो तेव्हा त्या वृद्धांस घराबाहेर आणून निजविले होते. त्यांच्या सुनेने सांगितले की, रात्रभर ते दाराकडे पाहत होते. पाड्यावरचा आपला प्रार्थनाप्रमुख, जो स्वतः शेतमजूर आहे, त्यांच्या उशाशी बसून पहाटेपर्यंत माळ म्हणत होता, आणि शेवटल्या घटकेस त्यांच्या हातात क्रूस त्यानेच दिला. नदीला पूर होता हे खरे. परंतु तो मुलगा त्याच पुरातून आला होता व त्याच पुरातून गेला. रुग्णाभ्यंगाचे तेल आमच्या कपाटात होते. घरच्यांनी आम्हांस दोष दिला नाही, चहा केला, आणि तो चहा आम्हांस गिळवेना.

त्या दिवसापासून संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. पूर्वी आम्हांस त्यातील पाऊस व चमत्कार मोठे वाटत. आता ती वाट मोठी वाटते. ते जातिवंत गिर्यारोहक नव्हते. समुद्रकाठचे, प्रकृतीने किडकिडीत असे गृहस्थ. “उद्या दुपारी” असे म्हणण्यास त्यांच्यापाशी आमच्याहून शंभरपट सबळ कारणे होती. आणि त्या शेतमजूर बांधवाच्या ठिकाणी आम्हांस लंकेचा अण्णावी दिसू लागला. आम्ही चुकलो त्या रात्री ख्रिस्तसभा त्या घरी अनुपस्थित नव्हती. ती ह्या माणसाच्या रूपाने तेथे बसली होती. ह्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो, परंतु त्याने आमची चूक धुऊन निघत नाही.

म्हणून ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्ही आपल्या सर्वांसमोर दोन गोष्टींचा संकल्प सोडतो. पहिला आमच्याविषयी: ह्यापुढे महिन्यातून एक आठवडा धर्मगुरूचा मुक्काम पाड्यांवर राहील, आणि आजाऱ्याचा निरोप आल्यास तो निरोप आणणाऱ्याबरोबरच आम्ही निघू. दुसरा आपल्याविषयी: प्रत्येक पाड्यावरील प्रार्थनाप्रमुखास धर्मशिक्षण मिळावे, त्याच्या घरी एक चांगला प्रार्थनाग्रंथ व दिवा असावा, आणि वर्षातून एकदा तरी गावातील कुटुंबांनी डोंगर चढून पाड्यावरील मिस्सेस जावे. नेहमी त्यांनीच का उतरून यावे? महोत्सवासाठी जमलेल्या निधीतून मंदिरास नवा रंग लागला हे चांगलेच झाले. उरलेला निधी ह्या कामी लागावा अशी आमची धर्मग्राम-मंडळास नम्र विनंती आहे.

आणि महोत्सवाच्या मिस्सेस एक छोटीशी गोष्ट करावी. पुढली दोन बाके पाड्यांवरून चालत येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावीत. ती माणसे सर्वांत लांबून आलेली असतील.

कँडीच्या डोंगरांत अनवाणी फिरलेले ते संत आपल्यासाठी प्रार्थना करोत. आपल्या धर्मगुरूंस पाय देवोत, भाविकांस धीर देवोत, आणि ज्या घरी आज रात्री कोणी दाराकडे पाहत असेल, त्या घरी वेळेवर कोणीतरी पोहोचो. आमेन.